मेहकरहून एकटीच निघालेली पिशवी

“हॅलो?… हॅलो, मंजू?… हाव वं, बसलो, बसलो! खिडकीजवळच जागा भेटली… पिशवी मांडीवरच हाये, तू काळजी नको करू… हॅलो?… कोण?… मंजू नाही?… मंग कोण बोलून राह्यलं?”

डोणगावचे पुंजाजी गवंडी हे खरे पाहता त्या समयी कोणत्याही खिडकीजवळ बसलेले नव्हते. मेहकरहून चिखलीकडे निघालेल्या एका काळीपिवळी जीपच्या मागच्या बाकावर, कांद्याची दोन पोती, एक नर्सताई आणि इतर सात प्रवासी यांच्या दाटीत, अर्धे आत व अर्धे बाहेर अशा अवस्थेत ते कसेबसे टेकले होते. आणि ज्या पिशवीविषयी त्यांनी आत्ताच कन्येला ग्वाही दिली असे त्यांना वाटले, ती पिशवी तासाभरापूर्वी त्यांना मेहकरच्या स्टँडवर सोडून, बुलढाण्याच्या एसटीत एकटीच पुढे निघून गेली होती.

“काय म्हणलं?… हिरवी पिशवी?… जरा जोरानं बोला बाई, इथं गाडीचा लय आवाज हाये… हाव! हाव, माहीच! माहीच पिशवी हाये ती, माय!… आत एक फाईल, लाल दोरीची… त्याच्यावर मोठ्या आकड्यात ह्याच फोनचा नंबर, तो माह्या पोरीनंच लिहेल हाये… उपकार झाले बाई तुमचे. कोण तुम्ही?… मनकर्णाबाई… केळवदच्या… बरं बरं. मी पुंजाजी, डोणगावचा… अन् हा फोन?… तुमचा नाही… बाजूच्या भाऊचा मांगून घेतला… बरं.”

“नाही, मी गाडीत नाही… नाही, मांगच्या सीटवर नाही… ड्रायव्हरपाशीबी नाही… टपावर? टपावर कोण बसते बाई आता!… मी गाडीतच नाही. मी मेहकरलेच राह्यलो.”

एसटी चिखली स्टँडवर उभी होती; तिथला गलबला फोनमधून ऐकू येत होता. मग बाईंचा स्वर एवढा चढला, की नर्सताईंनीही मान वळवून पाहिले.

“काऊन म्हणजे… खिडकीतून पिशवी टाकली, जागा धरली… हाव, रुमाल असता त रुमालच टाकला असता, रुमाल घरी राह्यला… मंग म्हणलं, जागा त झाली, आता घाई काय… अन् जरा तिकडं गेलो… तिकडं म्हणजे… बाजूले… आता कसं सांगू बाई तुम्हाले फोनवर… हं. समजलं ना?… समजलं त साऱ्या गाडीले काऊन सांगून राह्यल्या?”

आमच्या भागात एसटीच्या प्रवासाचा एक अलिखित कायदा आहे. गाडी स्टँडवर लागली, की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी पायातील चप्पलसुद्धा आत टाकावी. ज्याची वस्तू आधी पडली, जागा त्याची. मग धनी कितीही मागाहून येवो, त्या वस्तूस कोणी हात लावीत नाही. पुंजाजींनी चाळीस वर्षे हा कायदा पाळला होता. बुलढाण्याची ती गाडी मेहकरला नेहमी पाव तास थांबते. परंतु आज ती उशिरा आली होती, म्हणून पाच मिनिटांतच सुटली. जागा धरून ठेवण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. गाडी धरून ठेवण्याची रीत मात्र अद्याप कोणी काढलेली नाही.

“थांबा, थांबा. मंग तुम्ही कुठं बसल्या?… उभ्या?… मेहकरपासून उभ्या? अहो, जागा रिकामी होती त बसाचं ना माय!… हो, पिशवी होती, पण पिशवी घ्याची मांडीवर… हं… धरलेली जागा… हं… ‘येईन आता, येईन आता’ म्हणून… पार चिखलीलोक? आणि गुडघे दुखतात म्हणता!… बाई, काय म्हणावं तुम्हाले…”

“अन् मांगून हे कोण भांडून राह्यलं?… त्याच भाऊचा फोन हाये?… काय म्हणतात ते?… त्यायले बसाचं होतं… तुम्ही बसू नाही देलं… मंग तेबी उभेच?… म्हणजे दोघंही उभे, अन् पिशवी बसेल हाये!”

जीपमध्ये हशा पिकला. पुंजाजींनाही हसू आले. पण ते ओठांवर येते न येते तोच मावळले, कारण फोनमध्ये तिसराच एक आवाज मिसळला होता.

“कोण बोलून राह्यलं?… कंडक्टर?… काय म्हणते तो?… बेवारस?… नाही, नाही, बेवारस कशी? मी हावो ना वारस, जिताजागता!… चिखलीच्या हापिसात जमा?… बाई, नका देऊ! पाया पडतो, खाली नका उतरवू ती पिशवी!… नियम बरोबर हाये त्याचा, सोबत माणूस नसन त सामान जमा होते, मले समजते… पण बाई, मी चिखलीले येईन कवा, अन् तिथून बुलढाण्याले जाईन कवा… मी अजून हिवरा आश्रमच्या थोडासाच पुढं हावो. ही गाडी जागोजागी थांबते… ऐका, त्या पिशवीत काय हाये ते आधी सांगतो तुम्हाले.”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“माह्या पोरीचे ओरिजनल कागदं हायेत त्याच्यात. मंजुश्री नाव हाये तिचं… लग्नाचे नाही हो, नोकरीचे! एसटीत ड्रायव्हर म्हणून यादीत नाव आलं तिचं… ड्रायव्हर! हाव, पोरगीच!… मोठी गाडी, हाव, तुम्ही ज्याच्यात उभ्या हा तशीच… शिकली ना. आधी माह्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरवर, मंग बुलढाण्याले खोली करून राह्यली, क्लास लावला, लायसन काढलं… आज कागदं तपासून राह्यले तिथं. शेवटचा दिवस हाये. एक वाजेपर्यंत. ओरिजनल नाही दाखवले त नाव कटते बाई, अन् खालचं नाव वर येते… आता किती वाजले?… बाराले पाच कमी. पाहा आता.”

“माह्यापाशी म्हणजे… माह्याचपाशी असतात. पेटीत… हाव, कागदं तिचेच हायेत, पण मी कोणाच्या हाती देत नाही… तिच्याबी नाही. झेरॉक्स देल्या होत्या तिच्याजवळ. कालच्याले मेसेज आला, ओरिजनल आणा म्हणून… ती म्हणे, बाबा, शिकणाऱ्या पोरायचे डबे जातात ना रोज ड्रायव्हरजवळ, तशी फाईल पाठवून द्या, मी स्टँडवर घेतो… म्या म्हणलं, नाही. मी माह्या हातानं आणतो… हासा. हासा बाई. हासासारखंच हाये.”

पुंजाजींच्या या हट्टास एक जुने कारण होते, आणि ते त्यांनी आजवर पत्नी जनकाबाईंखेरीज कोणासही सांगितले नव्हते. अठराव्या वर्षी शिपायाच्या एका जागेसाठी त्यांनी आपला सातवी उत्तीर्णचा दाखला एका परिचित गृहस्थाच्या स्वाधीन केला होता. तो गृहस्थ अकोल्यास गेला. दाखला त्याच्यासवे गेला, आणि मग जागाही गेली. दुसरा दाखला मागण्यास गुरुजींपुढे उभे राहण्याची त्यांना लाज वाटली. पुढे हाती गवंड्याची थापी आली ती आजतागायत सुटली नाही. तेव्हापासून घरात जो कागद येई, तो पुंजाजींच्या पेटीत जाई, आणि पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. परंतु आज, या दाटीवाटीत, एका अनोळखी बाईला ते सारे त्यांनी चार वाक्यांत सांगून टाकले. सांगताना त्यांना नवल वाटले, की ही गोष्ट मुळात एवढीच होती.

“…तर असं झालं होतं, बाई… हं… हं… हाव, म्हणून खिडकीवर विश्वास ठेवला अन् माणसावर नाही. बरोबर बोलल्या… आता रागवा, पण आधी कंडक्टरले सांगा, पिशवी तुमचीच हाये म्हणून… खोटं कसं होते? जागा माही, पिशवी तुमची, असं म्हणा!… काय म्हणला तो?… ‘मंग मेहकरपासून कोणाची म्हणत होत्या?’… हं. हुशार हाये… त्यालेच सांगा मंग, खरं खरं. सांगा की उद्याच्याले तुह्यासारखीच डुटी करणारी पोरगी हाये… सांगून पाहा त खरं…”

इकडे जीपमधील गलका आपोआप थांबला होता. चालक गजेंद्र याने टेपवरील गाणे बंद केले. फोनमध्ये काहीतरी दीर्घ बोलणे चालले होते. शब्द कळत नव्हते.

“हं?… काय झालं?… ‘तुम्ही बसा अन् मांडीवर घ्या’?… असं म्हणला तो?… वाहवा रे पठ्ठ्या!… बसल्या?… टेकल्या ना नीट?… गुडघ्याले आराम पडन आता… घंटी वाजली, ऐकू आली मले. निघाली गाडी.”

“पण बाई, एक अजून… तुम्ही केळवदले उतरणार ना?… हाव, तेच म्हणलं, केळवदच्या म्हणून सांगितलं तुम्ही… नातीचा साखरपुडा?… आज?… अन् तिची ओटी तुमच्या हातानं भरायची… नाही, नाही, असं नका करू! पार बुलढाण्यालोक कशाले येता? पाहुणे येऊन बसतीन, अन् आजी कुठं गेली म्हणतीन… नाही बाई, ते मले नाही चालत. एका पोरीसाठी दुसऱ्या पोरीचं कार्य अडवू नाही… मंग कोणापाशी देता?… कोणापाशी?… त्यायच्यापाशी? ते भांडले ते?”

ज्या गृहस्थास आपल्या पिशवीपायी तास-सव्वा तास उभे राहावे लागले, त्याच्याच हाती लेकीचे भवितव्य सोपवायचे! त्यांच्या डोळ्यांसमोर अकोल्याला गेलेला तो जुना गृहस्थ उभा राहिला.

“नको बाई. तो काऊन करन माह्यासाठी? त्याचे पाय दुखवले आपण… दुसरं कोणी पाहा ना. एखादं म्हातारंकोतारं… काय?… काय म्हणलं?… भांडला, पण…”

बाईंचे शब्द ते तसेच उच्चारू लागले.

“भांडला, पण पिशवीले हात नाही लावला… हं… उचलून फळीवर ठेवली असती त तुम्ही काय करणार होत्या… हाव… मनात आणलं असतं त बसू शकत होता. हाव, ते खरं हाये… अन् फोनबी त्यानंच देला… हं.” मग ते म्हणाले, “द्या त्यायले.”

“जय भीम, भाऊ. पुंजाजी बोलतो… हाव, तोच, पिशवीवाला… हाव… हाव, चूक झाली… हाव, सीट माणसाले असते, पिशवीले नाही, बरोबर हाये तुमचं… त्याच्यात तुमचा दात दुखून राह्यला?… गाल सुजेल हाये, रुमाल बांधला, अन् वरून उभं… माफ करा भाऊ. काय नाव तुमचं?… भगवानराव. दाताच्या डॉक्टरकडेच चालले, बुलढाण्याले… किती वाजताचा नंबर?… एकचा… मंग तुम्हाले कसं जमन… हं?… ‘ते माहं मी पाहतो’… बरं. बरं भाऊ.”

“एक मांगतो. हा फोन तोडू नका… बोलू नका तुम्ही, दात दुखून राह्यला त. नुसता खिशात चालू राहू द्या. कटला अन् रेंज नाही भेटली त माहा जीव राहणार नाही इथं… गाडीचा आवाज येऊ द्या फक्त… हाव. तेवढंच.”

मग पुंजाजींनी फोन कानापासून किंचित दूर धरला आणि समोरच्या बाकाकडे पाहिले.

“नर्सताई, तुमच्या फोनवरून माह्या पोरीले लावता का?… मी सांगतो नंबर, पाठ हाये… लागला?… तिले म्हणा, घाबरू नको, बाप धड हाये. म्हणा, स्टँडच्या गेटवर उभी राह्य. मेहकरची गाडी येईन. त्याच्यातून गालाले रुमाल बांधेल एक माणूस उतरन, भगवानराव. त्याच्यापाशी हिरवी पिशवी… काय म्हणते?… ‘बाबा त गाडीत बसून येणार होते ना’… म्हणा, ते मंग सांगतो. आधी गेटवर ये.”

पुढील अर्धी घटका पुंजाजी दोन्ही गाड्या ऐकत राहिले. डाव्या कानाला जीपची घरघर होती, उजव्या कानाला एसटीची. आपण बसलो आहोत ती गाडी कोणती, आणि जी ऐकत आहोत ती कोणती, याचा त्यांना क्षणभर विसर पडे. भगवानरावांच्या खिशातील फोनमधून घंटीचा ठोका येई, कोणाचे लेकरू रडे, चालक खडखडत गिअर बदली. आणि प्रत्येक वेळी पुंजाजींचा पाय नकळत पोत्यावर दाबला जाई. ही गाडी एक दिवस आपली मंजू चालवील, हा विचार त्यांनी अनेकदा केला होता; परंतु गाडीच्या आवाजाकडे कान देऊन तो त्यांनी आजवर केला नव्हता. मध्येच एका ठिकाणी गाडी थांबली, आणि बाईंचा ओळखीचा झालेला आवाज दूर जाऊ लागला.

“केळवद आलं?… बाई! मनकर्णाबाई!… भाऊ, त्यायले सांगा, पुंजाजीनं… उतरल्या?… म्हणा डोणगावले या, पोरीच्या गाडीत बसून या… ऐकलं त्यायनं?… काय म्हणल्या?… ‘खिडकीजवळची जागा धरून ठेव म्हणा’… हा हा… बरं. जाऊ द्या गाडी. जाऊ द्या.”

पुन्हा घरघर. जीपमध्ये एकाने वेळ विचारली, दुसऱ्याने सांगितली, तिसऱ्याने ती आपल्या घड्याळाशी पडताळून पाहिली. बारा पस्तीस. प्रवासी चढत-उतरत होते. नवीन येणाऱ्यास जुने लोक हलक्या आवाजात सारी हकिकत सांगत, आणि तोही फोनकडे कान लावी.

“हॅलो?… हाव भाऊ, हावो ना, इथंच हावो… स्टँड आलं?… दिसते का कोणी?… लांब वेणी, निळी ओढणी… हात हालवून राह्यली?… तीच! द्या, द्या तिच्याजवळ… मंजू?… हाव, मीच… नाही वं, नव्हतो बसलो… हाव, तुले नाही सांगितलं… तू घाबरशीन म्हणून… बरं, रागव, मंग रागव. आधी फाईल उघड. दहावीची सनद?… टीसी?… जातीचा दाखला?… वैधता… चारी हायेत?… भेटले ना?… मंग इथं काय करून राह्यली? पळ!… मी येतो, माहं सोड, पळ तू!… अन् ऐक, मंजू… कागदं आता तुह्याचजवळ ठेवजो. तुह्येच हायेत… काय नाही. पळ म्हणलं ना!”

“भाऊ, फोन तुमच्याजवळ आला?… दिसते का ती?… रस्ता ओलांडला?… नीट पाहून ओलांडला ना?… हापिस कुठं हाये तिथून?… समोरच, बरं… फाटकात अडवलं?… कोणी? वॉचमननं?… काय विचारून राह्यला तो?… सोडलं. गेली आत… आता नाही दिसत… किती वाजले?… पाऊण. पाऊणच वाजला. मंग झालं, पंधरा मिनिटं हायेत.”

“तुम्ही जा भाऊ आता, तुमचा नंबर जाईन… अं?… कुठं चालले?… तिच्या मांगं?… काऊन?… ‘इतकं उभं राह्यलो त पाहूनच जातो’… भाऊ, तुमचा दात… बरं. बरं, जसं तुम्हाले वाटते… व्हरांड्यात खिडकी हाये?… दिसते?… सांगा मले. हळू सांगा.”

जीपने चिखलीच्या वेशीत प्रवेश केला होता. गजेंद्रने गाडी स्टँडबाहेर उभी केली. पण कोणी उतरले नाही. नर्सताईंनी ओढणीचे टोक मुठीत धरले होते.

“रांगेत हाये… पुढं किती जणं?… दोन… एक झाला… बोलावलं तिले?… मंग?… टेबलासमोर उभी हाये… साहेबानं फाईल घेतली… पानं उलटून राह्यले… काय विचारून राह्यले?… ऐकू नाही येत… भिंगातून पाहून राह्यले? काऊन, भिंग काऊन?… सनद… हं… बाजूले ठेवली… दुसरा कागद… तिसरा… थांबले?… काऊन थांबले?… दुसऱ्या साहेबाले दाखवून राह्यले…”

कांद्याच्या पोत्यावर बसलेले एक लहानगे मूल सोडले, तर जीपमध्ये कोणीही हालचाल करीत नव्हते.

“हं?… परत घेतला… हं… शिक्का?… उचलला… मारला?… मारला! कोणत्या कागदावर?… सगळ्यायवर?… सगळ्यायवर!… सही करून राह्यली ती?… कोण्या हातानं, डाव्या?… डावखुरीच हाये ती, बरोबर… आता?… बाहेर येऊन राह्यली… भाऊ, तोंड पाहा तिचं. हासून राह्यली का?… नाही?… मंग?… रडून राह्यली?”

जीपमध्ये कोणीतरी घाबरून “अरे!” म्हणाले.

“नाही, नाही, मंग झालं काम! हाव भाऊ, पक्कं झालं! नापास झाली त दात खाते ती, पास झाली त रडते. दहावीलेबी अशीच रडली होती, शेजारपाजारचे सांत्वन कराले आले होते आमच्या घरी… तिले खुर्चीवर बसवा भाऊ, पाणी द्या… हाव… हाव, येतो ना मी, लगेच येतो… हं… हं…”

“काय?… नाही भाऊ, रेंज हाये. तुमचा आवाज साफ येऊन राह्यला… मलेच बोलता येऊन नाही राह्यलं. ठेवतो.”